दोन रंगांचं लेबल

वसमत
२० ऑक्टोबर २००८

पूर्णाई महिला बचत गट, सिद्धेश्वर, यांस
नमस्कार.

आपल्या गटाच्या अध्यक्ष शालूबाई कऱ्हाळे परवा माझ्या दुकानात आल्या होत्या. बोलणं बरंच झालं, ठरलं कमी. जे ठरलं ते लिहून पाठवते आहे.

'पूर्णाई हळद' या पुडीवर चिकटवायचं लेबल करायचं आहे. पुड्या संक्रांतीच्या वाणासाठी विकायच्या असल्याने जानेवारीच्या सुरुवातीला दुकानात पोचल्या पाहिजेत. छपाई नांदेडला होईल. छापखान्याला जशीच्या तशी लावता येईल अशी फाईल मी तयार करून देईन. खर्च आवाक्यात राहावा म्हणून दोनच रंग धरले आहेत, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते, त्यामुळे रंग वाढला की खर्च वाढतो.

फोनवर सांगितलेली दुरुस्ती मी धरत नाही. लोक फोनवर "जरा मोठं करा" म्हणतात आणि नंतर "एवढं कुठं सांगितलं होतं" म्हणतात. मी नमुना कागदावर काढून तुमच्या गावाकडे येणाऱ्या बसने, हरिचंद कंडक्टरांच्या हाती पाठवीन. चूक असेल तिथे लाल खूण करा. लाल खूण असेल तिथे मी बदल करीन, नसेल तिथे सगळं बरोबर आहे असं समजेन.

चित्र "कायतरी छान" हवं, असं शालूबाईंनी सांगितलं. एवढ्यावर चित्र काढता येत नाही. कशाचं ते ठरवून फोटो पाठवावा.

आपली,
सपना खिल्लारे


सिद्धेश्वर
२ नोव्हेंबर २००८

सपना मॅडमला शालूबाईचा नमस्कार.

दिवाळीत उशीर झाला, राग मानू नका. मी सातवी पास हाय, पत्र माझ्याच हातचं हाय, हसायचं न्हाई.

चित्राची बैठक घेतली. एकीला कलश पायजे होता, एकीला लक्षुमी, एकीनं तर म्हटलं धरणाचं चित्र काढा. मी म्हटलं, हळद विकायची का पाणी? मग सगळ्याच म्हणाल्या का पारुबाईचं तोंड छापा. पारुबाई माझी थोरली जाऊ. हळद शिजवायची तिनं, वाळवायची तिनं, चक्कीवर दळायची तिनं, आन चाळणीला तर दुसरीला हात लावू देत न्हाई. तिनं बोटात धरून बराबर म्हटल्याबिगर एक पुडी बंद होत न्हाई. ती म्हणाली, "माझं तोंड पाहून गिऱ्हाईक पळालं तर मला बोलू नका." आमी टाळ्या वाजवल्या.

फोटो आमच्या कोमलनं कॉलेजातल्या मैतरणीचा कॅमेरा आणून चक्कीवरच काढला. सीडी पाठवून राहिले.

एक विचारते. कोमल म्हणते, मॅडमचे सगळे प्रोग्रॅम फुकटातले हायेत, कुणीबी घ्यावेत असे. मग तुमी पैसे कशाचे घेता?

शालूबाई


वसमत
९ नोव्हेंबर २००८

शालूबाई,
नमस्कार.

कोमलने सांगितलं ते खरं आहे. नेहमीचा प्रोग्रॅम मला परवडत नाही, आणि नक्कल केलेली सीडी मी मशीनमध्ये घालत नाही. मी वापरते ते प्रोग्रॅम जगभरच्या लोकांनी मिळून केलेले आहेत आणि सगळ्यांसाठी मोकळे आहेत.

पैसे कशाचे, तेही सांगते. त्यांतल्या गिम्पमध्ये तुमचा फोटो साफ केला. त्यावर धूळ आणि डाग बरेच होते. मग इंकस्केपमध्ये त्यावरून एकेक रेघ हाताने काढली. स्क्रायबसमध्ये मराठी जोडाक्षरं अजून जुळत नाहीत, म्हणून अक्षरंही इंकस्केपमध्येच लिहून त्यांचे आकार करून घेतले. ते सगळं स्क्रायबसमध्ये नेऊन पिवळा आणि काळा वेगळा केला. छापखान्याची फाईल तिथे तयार होते. प्रोग्रॅम फुकट आहेत. हे काम नाही.

नमुना सोबत आहे. मागे पिवळी जमीन, त्यावर पारुबाईंचा चेहरा. चेहऱ्याला रंग दिलेला नाही, कागदाचा पांढरा तसाच ठेवून वर काळ्या रेघा आहेत. चार कोपऱ्यांवरच्या बारीक रेघा कापण्याच्या खुणा आहेत. त्या नक्षी नाहीत.

नीट तपासून पाठवा. चुकीला लाल खूण.

सपना खिल्लारे


सिद्धेश्वर
१७ नोव्हेंबर २००८

सपनाताई,

मॅडम म्हणायला बरं वाटंना, म्हणून ताई म्हणते.

नमुना आला आन चक्की बंद पडली. लाईट गेली म्हणून न्हाई, कुणी कामाला हातच लावंना म्हणून. अगदी पारुबाईच! तिची नातसून तर चित्राच्या पाया पडली. पारुबाई लई वेळ पाहून राहिली आन म्हणाली, "नाक बराबर हाय." तिच्याकडून एवढं म्हणजे लई झालं.

नव्या चीजेला करतो ते सगळं केलं. नमुना परत पाठवून राहिले. पसंत हाय, छापून टाका. कोपऱ्यावरल्या रेघा मला आवडल्या व्हत्या, पण तुमी न्हाई म्हणता तर ऱ्हाऊ द्या.

शालूबाई


वसमत
२१ नोव्हेंबर २००८

शालूबाई,
नमस्कार.

पत्रात पसंत म्हटलं आहे, पण नमुन्यावर दोन लाल खुणा आहेत. पत्र आणि नमुना जुळत नसतील तर मी नमुना धरते.

पहिली खूण 'पूर्णाई' या नावाच्या डोक्यावर आहे. नाव वरच्या कडेला फार जवळ आलं असं तुमचं म्हणणं असावं. ते खाली घेतलं आहे.

दुसरी खूण कपाळावर मधोमध आहे. तिथे मी वयाच्या तीन आडव्या रेघा काढल्या होत्या. त्या खटकल्या असाव्यात. तिन्ही काढून टाकल्या.

कागदाला पिवळे डागही होते. ते हाताळण्यातले समजून सोडून दिले.

नवा नमुना सोबत आहे. खूण शक्यतो पेनाने करावी. तुम्ही वापरलेला लाल रंग बसमध्ये सगळीकडे पसरला आहे.

सपना खिल्लारे


सिद्धेश्वर
२९ नोव्हेंबर २००८

सपनाताई,

काय करावं तुमाला! ते कुंकू व्हतं!

नवी चाळणी आली, नवं पोतं आलं, तरी आमी हळदीकुंकू वाहतो. तसंच तुमच्या कागदाला वाह्यलं. पयलं नावाला, मग कपाळाला. आन तुमी नाव खाली वढलं आन पारुबाईच्या सुरकुत्या पुसल्या! तिनं नवा नमुना पाह्यला आन मला म्हणते, "शालू, ईस वर्षांनी ल्हान केलं की गं मला. आता माझं लगीन लावता का काय?" हसून हसून आमच्या पोटात दुखलं. सुरकुत्या परत घाला, तिच्या हक्काच्या हायेत.

आता तकलीफ सांगते. औंढ्याच्या लालसिंग शेठला नमुना दाखवला. पुड्या त्याच्याच दुकानात ठेवायच्या हायेत. त्यानं चष्मा लावून पाह्यलं आन म्हणाला, "भाभी, माल अच्छा है, पर ये नहीं चलेगा. हळदीच्या पुडीवर पांढरं कपाळ? संक्रांतीचं वाण कोण घेईल?"

आमचे दीर गेले त्याला लई वर्षं झाली. पारुबाई कुंकू लावत न्हाई. आमी कागदाला कुंकू लावलं तवा कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. ती तिथंच बसलेली व्हती.

गटात दोन तट पडले. शेवटी ठरलं का चित्राला कुंकू काढा. एक ठिपका तर काढायचा. काढता का?

शालूबाई


वसमत
३ डिसेंबर २००८

शालूबाई,
नमस्कार.

खुलासा समजला. सुरकुत्या परत घातल्या, नाव जागेवर नेलं.

कुंकवाचा ठिपका काढायला मला अर्धं मिनिटही लागणार नाही. पण पिवळा आणि काळा मिसळून लाल होत नाही. लाल हवा तर तिसरी प्लेट लागेल. ती करता येईल, खर्च तुम्ही ठरवा.

दुसरी गोष्ट खर्चाची नाही. तुमच्या पत्रात लालसिंग शेठचं मत आहे, गटाच्या दोन तटांचं मत आहे. चेहरा ज्यांचा आहे त्या पारुबाईंचं मत नाही. त्यांना विचारलं का? फोटोत जे नाही ते मी त्यांच्या होकाराशिवाय घालणार नाही.

फाईल डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नांदेडला गेली नाही तर संक्रांत हुकेल.

सपना खिल्लारे


सिद्धेश्वर
८ डिसेंबर २००८

सपनाताई,

पारुबाईचं कायी न्हाई. ती कशालाच न्हाई म्हणत न्हाई. तिला काय विचारायचं?

तुमच्यात हे मानत न्हाईत, म्हणून तुमाला सोपं वाटतं. आमाला गावात ऱ्हायचं हाय. एवढी हळद दळून ठेवली, ती संक्रांतीला न्हाई गेली तर गट मोडंल. बाया मोठ्या मुश्किलीनं एकत्र आल्या हायेत.

तिसऱ्या प्लेटचे पैसे देतो. कुंकू काढा.

शालूबाई


वसमत
१३ डिसेंबर २००८

शालूबाई,
नमस्कार.

काल हरिचंद कंडक्टरांच्या बसने पारुबाई माझ्या दुकानात आल्या होत्या. तुम्हाला सांगून आल्या नसाव्यात. त्यांनीच मला हे लिहायला सांगितलं आहे: "शालूला सगळं लिही, मला सांगाया येत न्हाई, मला हसू येतं."

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ते तोंड काढून टाक, पोरी. कलश काढ."

मी विचारलं, "चित्र आवडलं नाही का?"

"आवडलं की. पण त्याला कुंकू लावून छापायचं म्हणतात. मालक गेलेले साऱ्या गावाला ठाऊक हाय. मी घरात न लावता पुडीवर लावून हिंडू काय? आन न लावता छापलं तर शालूची हळद खपत न्हाई. मग माझं तोंडच नको. कलशाला कोण बोलणार हाय?"

मी म्हटलं, चित्रात मी माझं काहीच घातलेलं नाही, फोटोत होतं तेवढंच आहे. पटवून द्यायला एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला कोमलने काढलेला मूळ फोटो उघडला, आणि कपाळ मोठं करून दाखवलं.

पारुबाईंनी आधी फोटो पाहिला, मग चित्र, मग पुन्हा फोटो. म्हणाल्या, "तेवढंच न्हाई. हे कुठं हाय?"

फोटोत डाव्या भुवईपासून केसांपर्यंत एक पिवळा पट्टा आहे.

"तो डाग होता," मी म्हटलं. "साफ करताना काढला."

"डाग?" त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारचा घड्याळवाला बघायला आला. "हळद हाय ती! चक्कीवर घाम पुसला का हाताची कपाळाला लागते. आंघोळ केली तरी जात न्हाई. ह्ये बघ." त्यांनी पदर मागे घेतला. पट्टा होता. फिकट, पण फोटोत होता त्याच जागी.

फोटो तुमचा, मी काढलेली रेघन् रेघ त्यावरूनची, आणि त्यात पुसायला नको होती अशी एकच गोष्ट मी पुसली होती. नमुन्यावर तुम्ही हळद लावून पाठवली होती, तीही मी डाग म्हणून सोडून दिली. चूक माझी आहे.

मी त्यांच्यासमोर तो पट्टा परत काढला. पिवळ्यात. पिवळी प्लेट आहेच, तिसरी लागत नाही. त्यांनी पडद्याला नाक लागेल एवढ्या जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे माझं हाय. हे छाप." मग खुर्चीवर बसल्या आणि चहा घेतला.

नमुना सोबत आहे. कपाळ आता पांढरं नाही, आणि त्यात काही खोटंही नाही. लालसिंग शेठना दाखवा.

"तुमच्यात मानत नाहीत" असं तुम्ही लिहिलं. आम्ही मानत नाही, गल्ली मानते. माझे वडील गेल्यावर शेजारणींनी माझ्या आईला हाक मारणं बंद केलं होतं. आईने कधी बोलून दाखवलं नाही. मी तेव्हा शाळेत होते. सोपं नव्हतं.

होकार असेल तर नमुन्यावर सही करा. पेनाने.

सपना


सिद्धेश्वर
१७ डिसेंबर २००८

सपना,

तुझं पत्र मी चक्कीवर सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. शेवटचा भाग एकटीनं वाचला.

विचारलं न्हाई, हे खरं हाय. एका घरात ऱ्हातो, एका चुलीवर भाकरी थापतो, आन विचारलं न्हाई. ती न्हाई म्हणंल याचं भ्याव व्हतं.

लालसिंग शेठला नमुना दाखवला. त्यानं चष्मा लावला, काढला, परत लावला. "ये क्या है?" मी म्हटलं, "हळद हाय, शेठ. आमी हळद विकतो." तो म्हणाला, "भाभी, ये चलेगा. एकदम चलेगा." जसं त्यालाच सुचलं व्हतं!

नमुन्यावर सगळ्या बायांच्या सह्या हायेत. जिला सही येत न्हाई तिचा अंगठा. अंगठे पिवळे हायेत. ते डाग समजू नको.

शालूबाई


सिद्धेश्वर
२४ जानेवारी २००९

चि. सपनाला शालूमावशीचा आशीर्वाद, आन जयभीम.

पुड्या खपल्या. लालसिंग शेठ फोनवर फोन करून राहिला, रथसप्तमीच्या आत आणखी पायजेत म्हणून. हरिचंद कंडक्टर तर बसमधल्या बायांना सांगतो, "ह्या पुडीवरल्या बाईला मी वसमतला नेलं व्हतं." तिकीट काढायचं सोडून हेच चालू हाय.

आता खरी गोष्ट. आमच्या घरी मंगळवारी हळदीकुंकू केलं. दरवर्षी त्या दिवशी पारुबाई काम काढून चक्कीवर जाते. कुणी जा म्हणत न्हाई, कुणी ऱ्हा म्हणत न्हाई. औंदाबी गेली. इकडं मी पयल्या बाईच्या हातात वाण ठेवलं, तर पुडीवरून पारुबाईच माझ्याकडं पाहून राहिली! दुसरीला दिलं, तरी तीच. मला पुढं देववंना. मी ताट उचललं आन चक्कीवर गेले. माझ्या मागं सगळ्या बाया. आमचे मालक वट्ट्यावरून वरडले, "काहून पळून राहिल्या? आग लागली का कुठं?"

पारुबाई चाळत व्हती. मी हळदीचं बोट पुढं केलं. तिनं मान वर केली. कपाळभर हळद. म्हणते, "मला काय लावतीस? माझं तर रोजचंच लागलेलं हाय."

मग हसली, चाळणीतला पिवळाजर्द हात तसाच उचलला आन माझ्या कपाळाला लावला. नुसतं बोट न्हाई, चारी बोटं. मग बाया रांगेनं वाकल्या. कुणी न्हाई म्हणलं न्हाई. एक-दोघी पाठीमागं रेंगाळल्या व्हत्या, त्याबी आल्या, उशिरानं का व्हईना.

पुढल्या छपाईला लेबलात कायी बदल करायचा का? बाया म्हणतात तुलाच विचार.

तुला आन तुझ्या आईला बोलावणं हाय. तुमी हळदीकुंकू करत न्हाई, ठाऊक हाय. तिळगूळ खायला या. तुझ्या आईसाठी, सोजराबाईंसाठी, एक पुडी सोबत पाठवून राहिले.

शालूमावशी


वसमत
३० जानेवारी २००९

शालूमावशी,
नमस्कार.

दुसऱ्या छपाईची फाईल काल नांदेडला गेली. रथसप्तमीच्या आत मिळणार नाही. लालसिंग शेठना खरी तारीख सांगा, त्यांना आवडेल ती नको.

लेबलात काही बदल केलेला नाही. फक्त एक केलं आहे. इंकस्केपमध्ये एखादा आकार कुलूपबंद करता येतो. मग चुकून हात लागला तरी तो हलत नाही, पुसला जात नाही. पारुबाईंच्या कपाळावरचा पट्टा मी तसा करून ठेवला आहे. छापून येताना यातलं काही दिसत नाही, पण तुम्हाला माहीत असावं.

आईला पत्र वाचून दाखवलं. चारी बोटांपाशी आल्यावर ती म्हणाली, पुन्हा वाच. तिळगुळाला आम्ही रविवारी येऊ, सकाळच्या बसने.

घरातली हळद संपली आहे, पण तुम्ही पाठवलेली पुडी आई फोडू देत नाही. चुलीवरच्या फळीवर उभी करून ठेवली आहे. कारण विचारलं तर म्हणते, "बाई चांगली दिसती."

तेव्हा वापरायला आणखी एक पुडी लागेल. पारुबाईंना तेवढं सांगा. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मला लिहायचं होतं.

तुमची,
सपना